एक गाडी, बारा भानगडी

मोटारीच्या विम्याचे कागद सहसा कुणी वाचत नाही. वाचलेच, तर ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली एक वाक्य सापडतं. संघटित शर्यती, शर्यतीतल्या गाड्यांना वेग लावून देण्यासाठी पुढं धावणं, टिकाऊपणाच्या चाचण्या, वेगाच्या चाचण्या, यांपैकी कशासाठीही गाडी वापरली तर विमा लागू नाही. सभ्य माणूस हे वाचून निर्धास्त होतो, कारण यांतलं काही करायचा त्याचा विचारच नसतो. महाराष्ट्रात काही थोडी माणसं मात्र हे वाक्य वाचून विचारात पडतात, की यांतलं आधी काय करावं?

हा झाला हौशी मोटरस्पोर्टवाला. तो हिंजवडीत संगणकापुढं बसतो, भोसरीत यंत्रांचे सुटे भाग विकतो, नाहीतर नाशकात लोकांच्या दातांना तारा बसवतो. आठवड्याचे सहा दिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत कामाला जातो. त्याच्यामागं कुठली मोटार कंपनी नाही, प्रायोजक नाही, गाडी वाहून न्यायला ट्रेलर नाही. हेल्मेट आहे, तेही मित्रांनी वर्गणी काढून वाढदिवसाला दिलेलं. अपेक्षा एकच आणि त्याच्या मते माफक: ऑटोक्रॉस, रॅली, सर्किट, ड्रॅग, चिखल आणि टीएसडी या सगळ्यांत चालेल अशी एक जुनी गाडी, दोन-अडीच लाखांत. शिवाय सोमवारी सकाळी तिनं मुलांना शाळेतही सोडलं पाहिजे.

अडचण अशी, की यांतल्या प्रत्येक खेळाला निराळी गाडी लागते, आणि एकाला जे हवं तेच दुसऱ्याला चालत नाही.

ऑटोक्रॉस घ्या. आपल्याकडं तो बहुतेक वेळा मोकळ्या मैदानावर, मातीत होतो. वळणावळणाचा छोटा मार्ग आखलेला असतो आणि गाडी घड्याळाशी झुंजते. मार्ग पुरा कळेपर्यंत फेरी संपलेली असते. इथं बुटकी, हलकी, पटकन वळणारी गाडी लागते आणि मुख्य म्हणजे हॅण्डब्रेक लागतो. मार्गावर ठेवलेल्या ड्रमभोवती गाडीची शेपटी फिरवायची तर तो दांडा खस्सकन ओढावा लागतो. नव्या गाड्यांत दांड्याच्या जागी बटण आलं आहे. बटणानं गाडी उभी राहते, फिरत नाही. एबीएसचीही तीच कथा. डांबरावर जीव वाचवणारी ही सोय सुट्या खडीवर थांबायचं अंतर वाढवते. चाक जाम झालं की त्याच्यापुढं मातीचा ढीग साचतो आणि गाडी त्यावर अडते. एबीएस चाक जाम होऊच देत नाही. म्हणून शर्यतीच्या सकाळी काही मंडळी फ्यूजच्या डब्यात डोकं घालून बसलेली दिसतात. संध्याकाळी तो फ्यूज परत लावायची आठवण ठेवणं हा या खेळातला सर्वांत कठीण भाग आहे.

रॅलीवाला म्हणतो, गाडी उचला. खाली इंजिनाचा तळ जपणारा सम्पगार्ड ठोका, सस्पेन्शनला भरपूर खेळ द्या, टायर अरुंद घ्या, म्हणजे ते खडी कापून खालची पक्की जमीन धरतील. सर्किटवाला म्हणतो, गाडी बसवा. स्प्रिंगा कडक करा, टायर रुंद घ्या. दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि दोघांनाही ते मोठ्या आवाजात सांगायची सवय आहे.

त्यातून सर्किट दूर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 1990 पासून आहे, 3.717 किलोमीटरचा. त्याआधी शर्यती शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर होत. दुसरा कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. त्याची लांबी 5.125 किलोमीटर आणि भाडं फॉर्म्युला वनच्या इभ्रतीला शोभेलसं. पुण्याहून चेन्नई म्हणजे बाराशेच्या आसपास किलोमीटर. ट्रेलर नसल्यामुळं शर्यतीची गाडी आधी मागच्या सीटवर चार सुटे टायर घेऊन कर्नाटक ओलांडते, मग शर्यत लावते, मग पुन्हा कर्नाटक ओलांडते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजावर पाय ठेवल्यागत खाली जातं. ते थंड होईस्तोवर चालक पिटमध्ये इडली खात बसतो आणि परतीचा प्रवास याच ब्रेकवर करायचा आहे, हा विचार टाळतो.

ड्रॅगमध्ये वळण नाही, युक्ती नाही. पाव मैलाचं, म्हणजे 402 मीटरचं सरळ अंतर आणि इंजिनाची ताकद. लोणावळ्यापलीकडं अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या, तेव्हा इटालियन गाड्यांपासून घरगुती हॅचबॅकपर्यंत सगळे रांगेत होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीची इथं पंचाईत होते. क्लच सोडला की भार मागं सरकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरत राहतात. धूर मात्र झकास निघतो.

चिखलाचा तर कायदाच वेगळा. गोव्यात 2014 पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. तिथल्या गाड्यांना मूळ कंपनीनंही ओळखलं नसतं: कमरेएवढे टायर, पुढं विंच, नाकपुडी थेट छतापर्यंत नेलेली. इगतपुरीला महिंद्रानं ऑफरोडिंगचं प्रशिक्षण केंद्र काढलं. तिथं पहिला धडा मिळतो तो सावकाश जाण्याचा. फोर व्हील ड्राइव्ह, त्यातही लो रेंजचा दुसरा दांडा, हा या खेळाचा प्रवेश परवाना. दोन-अडीच लाखांच्या हॅचबॅकला इथं प्रेक्षकांच्या पार्किंगपर्यंतच प्रवेश आहे, आणि तिथूनही तिला संध्याकाळी कुणीतरी ओढून काढतं.

एकाच जोड्यानं लग्नाला जायचं, त्याच जोड्यानं सिंहगड चढायचा आणि आषाढात वारीलाही तोच घालायचा, असा हा हट्ट आहे. पण हट्ट धरणारा एकटा नाही, त्याला सल्ला देणारे पुष्कळ आहेत. ज्याच्याकडं जी गाडी आहे ती सर्वोत्तम, हे सल्ल्याचं पहिलं सूत्र. ज्यानं ती नुकतीच विकायला काढली आहे तो सर्वांत तळमळीनं बोलतो.

राहिलं टीएसडी. टाइम, स्पीड, डिस्टन्स. यात वेगानं जायचं नसतं. ठरवून दिलेल्या सरासरीनं, सेकंदाच्या हिशेबात जायचं असतं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तर बऱ्याच रॅल्यांत दुप्पट दंड. भारतीय माणसाला वेळेआधी पोचल्याची शिक्षा देणारी ही बहुधा एकमेव व्यवस्था असावी. हातात रोडबुक असतं, त्यात बाण आणि टिंबांच्या खुणा. ही पद्धत हॉलंडच्या ट्युलिप रॅलीतून आली म्हणून खुणांनाही ट्युलिप म्हणतात. तपासणीची ठाणी कुठं लपली आहेत ते आयोजक सांगत नाहीत. ताशी अडतीसची सरासरी राखायची आणि पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, अशा वेळी चालकापेक्षा शेजारी बसलेल्या नेव्हिगेटरचा कस लागतो. हौशी घरांत नेव्हिगेटर बहुधा पत्नी असते.

“अहो, डावीकडं म्हटलं होतं मी.”

“केव्हा?”

“मागच्या पानावर.”

टीएसडीसाठी गाडीची पात्रता साधी आहे: किलोमीटर अचूक मोजणारी, एसी चालणारी, मोबाइल चार्ज करणारी आणि घाटात पोटातलं ढवळून न काढणारी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी अँबी व्हॅलीपर्यंत रॅली भरवते, तिथं सजवून आणलेल्या गाड्याही बघण्यासारख्या असतात. म्हणजे त्या एका गाडीवर झेंडूच्या माळाही शोभल्या पाहिजेत.

आता उमेदवार. मारुती 800 ला मान पहिला. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली, तेव्हापासून जानेवारी 2014 पर्यंत ती बनत राहिली. तीन सिलिंडर, 796 सीसी, वजन इतकं कमी की चार पैलवान तिला उचलून बाजूला ठेवतील. शर्यतीशी तिचा संबंध कुणाला थट्टा वाटेल, पण याच इंजिनावर चालणाऱ्या फॉर्म्युला मारुती नावाच्या एकआसनी गाड्या चेन्नईच्या ट्रॅकवर धावत. नारायण कार्तिकेयन त्यांतूनच पुढं आला आणि 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. ऑटोक्रॉसमध्ये 800 आजही चोख. ड्रॅगमध्ये मात्र तिची फेरी संपेपर्यंत प्रेक्षक वडापाव आणायला जाऊन येऊ शकतात.

दुसरी एस्टीम. 1994 ची ही सेडान दिसायला बँकेच्या शाखाधिकाऱ्याची गाडी होती, आणि बहुतेक ती त्यांच्याचकडं असायची. पण वजन नऊशे किलोंच्या आत, नंतरच्या इंजिनाची ताकद 85 अश्वशक्ती. शर्यतवाल्यांना हे गुपित कळलं आणि शाखाधिकाऱ्यांच्या निवृत्तीनंतर गाड्या भलत्याच मार्गाला लागल्या. उत्पादन थांबल्यावरही कैक वर्षं चेन्नईला एस्टीमच्या शर्यती लागत राहिल्या. आज धड एस्टीम मिळणं कठीण. जी मिळते ती एकतर गंजलेली असते, नाहीतर तिच्या मालकाला ती किती दुर्मिळ आहे ते कळलेलं असतं. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो.

जिप्सीवर थोडं थांबायला हवं. 1985 मध्ये आली, 2019 च्या आसपास गेली आणि मधल्या तीन दशकांत फारशी बदलली नाही. लष्करानं ती उचलली, जंगल सफारीवाल्यांनी उचलली आणि रॅलीवाल्यांनी तर डोक्यावर घेतली. पाच वेळा राष्ट्रीय विजेते ठरलेले चंदीगडचे हरी सिंग जिप्सीतूनच गाजले. टनाच्या आत वजन, मजबूत चौकट, फोर व्हील ड्राइव्ह, लो रेंज. चिखल, बर्फ, वाळू, खडी या सगळ्यांत ती पुढं. मग ही का नको? कारण चारही चाकांवर कमानपाटे. ताठ धुरे. डांबरी सर्किटवर वळण आलं की जिप्सी आधी झुकते, मग विचार करते, मग वळते. टीएसडीमध्ये नेव्हिगेटरला रोडबुकातली अक्षरं जोडीनं दिसतात. पावसात कापडी छतातून पाणी येतं ते बरोबर स्टॉपवॉचवर. आणि मुलांना शाळेत सोडायला तिच्याइतकी लोकप्रिय गाडी नाही. अडचण एवढीच, की मग इमारतीतली सगळीच मुलं मागं चढतात.

पोलोचं नाव पुण्यात आदरानं घेतात, कारण ती चाकणला बनली. फोक्सवॅगननं 2010 मध्ये पोलो कपही सुरू केला. बांधणी भरीव, दरवाजा बंद केल्याचा आवाज ऐकून काहींनी गाडी घेतल्याचं सांगतात. 2022 मध्ये भारतातली पोलो संपली आणि चाहत्यांनी सुतक पाळलं. मात्र खडीवर एक कंट्रोल आर्म वाकला, की जी किंमत ऐकू येते त्यात 800 चं अख्खं इंजिन उतरवून घेता येतं. बलेनो आरएसचाही विचार होतो. टर्बो इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, 2017 ते 2020 एवढंच आयुष्य. अंदाजपत्रकाबाहेर, म्हणून पुढं चला.

इथं एक गोष्ट ध्यानात येते. उशिराची एस्टीम, जिप्सी किंग आणि 2005 ची पहिली स्विफ्ट, तिघींच्या बॉनेटखाली सुझुकीचं तेच 1298 सीसीचं घराणं आहे. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, आरपीएम वाढवली की खुलणारं. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी मिस्त्रीला हे इंजिन डोळे झाकून उघडता येतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर त्याचे भाग ढिगानं मिळत आले. हौशी माणूस वर्षानुवर्षं आदर्श गाडी शोधत होता आणि मारुतीनं तीन वेगळ्या पत्र्यांत एकच इंजिन घालून त्याचं अर्धं काम केलं होतं. पुढं चार मीटरांच्या आतल्या आणि 1200 सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. 2010 मध्ये स्विफ्टचं 1.3 जाऊन 1.2 आलं. नवं इंजिन मायलेजला सरस, प्रदूषणात कमी. ग्राहक खूश झाले. ऑटोक्रॉसच्या मैदानावर मात्र दोन मिनिटं शांतता पाळावी अशी परिस्थिती होती.

प्रस्तुत लेखकाचं मत पहिल्या स्विफ्टच्या बाजूचं आहे. ती सर्वोत्तम आहे म्हणून नव्हे. ती कुठल्याच खेळात सर्वोत्तम नाही. पण हॅण्डब्रेकला दांडा आहे, चाकं चारी कोपऱ्यांत आहेत, मिस्त्री घाबरत नाही आणि शाळेच्या दारात कुणी वळून बघत नाही. बिनदिखाऊ गाड्यांबद्दल मोटरस्पोर्टचा इतिहासही चांगलं बोलतो. नोव्हेंबर 1968 मध्ये लंडनहून सिडनीकडं 98 गाड्या निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली असं करत 72 मुंबईला पोचल्या आणि इथून जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या. पोर्शे होत्या, दमदार फोर्ड होत्या, हवेवर तरंगणाऱ्या सस्पेन्शनची सित्रोएन डीएस शेवटच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर होती. तिला समोरून येणाऱ्या एका मिनीनं धडक दिली. जिंकली हिलमन हंटर. ही गाडी इतकी साधी, की इराणमध्ये पैकान नावानं बनून ती तेहरानच्या टॅक्सीवाल्यांची गाडी झाली. अँड्र्यू कोवन आणि त्याच्या दोन साथीदारांनी हजारो मैलांत फार काही मोडू दिलं नाही, एवढंच.

स्वस्त गाडीचा आग्रह नियमातच बसवण्याची अक्कल मात्र परदेशात दिसते. फिनलंडमध्ये ‘सर्वसामान्यांचा वर्ग’ म्हणून एक शर्यत प्रकार आहे, स्वीडनमध्ये त्यालाच फोल्करेस म्हणतात. शर्यत झाल्यावर ठरलेल्या किमतीला तुमची गाडी कुणीही परवानाधारक विकत मागू शकतो आणि तुम्हाला ती द्यावीच लागते. मागणारे अनेक असले तर चिठ्ठ्या टाकतात. त्यामुळं गाडीत लाखभर रुपयांचे शॉकअॅब्सॉर्बर घालायची कुणाची छाती होत नाही. हा नियम महाराष्ट्रात आणला तर शर्यत दहा मिनिटांत संपेल आणि “शेवटचे किती?” हे रात्री आठपर्यंत चालेल. अमेरिकेत 2006 पासून ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ चालतं: पाचशे डॉलरची गाडी, सुरक्षेचा खर्च वेगळा. गाडी त्याहून महागाची वाटली तर पंच दंडाच्या फेऱ्या लावतात. तपासणीच्या टेबलावर पंचांना उघडपणे लाच द्यायची रीत आहे, बाटली किंवा खाऊच्या रूपात. आपल्याकडं ही कल्पना कुणाला नवी वाटणार नाही. नवं एवढंच, की तिथं ती गंमत म्हणून करतात.

आपल्या मैदानावरची तपासणी जास्त गंभीर. हेल्मेट, पट्टा, बॅटरी घट्ट बांधलेली, आणि गाडीत सुटी वस्तू एकही नको. सुट्या वस्तूंचा ढीग बाहेर येतो तो बघण्यासारखा असतो: छत्री, टिश्यूचा डबा, दवाखान्याची फाइल, कुरडयांची पिशवी, मुलाचा एक बूट. डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी तपासनीस थबकतो. मूर्ती चिकटवलेली आहे का, हे तो बोटानं हलवून बघतो, मग नकळत तेच बोट कपाळाला लावतो आणि पुढं जातो.

सोमवारचं संकट निराळं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा अर्थ थोडक्यात असा, की नोंदणीच्या वेळी कंपनीच्या तपशिलात जी गाडी होती तीच रस्त्यावर असली पाहिजे. उचललेली नको, बसवलेली नको, आत पिंजरा ठोकलेली नको. म्हणून रविवारी रात्री पार्किंगमध्ये टॉर्चच्या उजेडात कुणी सम्पगार्डचे बोल्ट सोडवत असतं, कुणी दरवाज्यावरचा 27 नंबरचा स्टिकर हेअर ड्रायरनं सोलत असतं. ड्रायर घरातून न विचारता आणलेला असतो. त्यात पहिल्या स्विफ्टांची पंधरा वर्षं भरत आली किंवा भरून गेली. खासगी मोटारीची फेरनोंदणी पूर्वी 600 रुपयांत व्हायची, एप्रिल 2022 पासून फी 5,000 झाली. शिवाय पर्यावरण कर, शिवाय आरटीओतल्या निरीक्षकाची नजर. चाकाच्या कमानीत अडकलेली लाल माती बघून तो विचारतो, “गाडी कुठं चालवता?” नाशिकच्या दातांच्या डॉक्टरांनी यावर “शेतावर” हे उत्तर शोधून काढलं आणि नंतर ते सर्वत्र चालू लागलं.

तर शेवटी आपला हौशी माणूस 2008 ची चंदेरी स्विफ्ट घेतो. पहिल्या मोसमातच गाडीचे गुण-दोष कळतात. ऑटोक्रॉसमध्ये ती बरी चालते. टीएसडीत नेव्हिगेटरमुळं चांगली चालते. चेन्नईला जाऊन येते, येताना दावणगिरीजवळ थोडी तापते. ड्रॅगला शेजारच्या रांगेत उभी असलेली जुनी यामाहा आरएक्स तिला दिवसाढवळ्या मागं टाकते, त्याचं कुणी फार मनावर घेत नाही. प्रश्न फक्त चिखलाचा उरतो.

त्यावरही तोड निघाली आहे. लष्करानं निकालात काढलेल्या जिप्सी लिलावात निघतात, त्यांतली एक कोल्हापूरकडच्या एका गॅरेजात उभी आहे. इंजिन त्याच घराण्यातलं असल्यामुळं बरेच सुटे भाग दोन्ही गाड्यांना चालतील, ते घाऊक घेतले तर स्वस्त पडतील, आणि अशा रीतीनं दुसरी गाडी घेतल्यानं पहिलीचा खर्च कमी होईल, असा हिशेब त्यानं वहीत मांडून घरी दाखवला आहे. वही सध्या नेव्हिगेटरकडं तपासणीला आहे.